संघ किती, स्लॉट किती, पद्धत कोणती: संघस्पर्धा आखणाऱ्या नवख्यांसाठी मार्गदर्शन

दिवाळी आटोपली की आमच्या मंडळींत पुढच्या संघस्पर्धेची चर्चा सुरू होते आणि ती दरवर्षी त्याच तीन प्रश्नांपाशी अडते: संघ किती घ्यायचे, एका संघातून किती खेळाडू उतरवायचे, आणि लढती साखळी पद्धतीने घ्यायच्या की बाद पद्धतीने. ठाणे, ऐरोली, नेरूळ, खारघर या पट्ट्यातले आम्ही सत्तर-ऐंशी जण टेकन ८ व स्ट्रीट फायटर ६ हे मारामारीचे आणि ईए एफसी हा फुटबॉलचा, असे व्हिडिओ गेम खेळतो. आमच्यात नव्याने आलेल्यांना या चर्चेत बोलायचे असते, कधी कधी पुढची स्पर्धा भरवण्याची जबाबदारीही त्यांच्यावर येते, पण कशाच्या आधारावर बोलावे हे त्यांना कोणी सांगत नाही. माझे म्हणणे असे, की नोंदणीच्या दिवशी किती जण उत्साहाने नाव देतात यावरून स्पर्धेचा आकार ठरवू नये. शेवटच्या रविवारी किती जण प्रत्यक्ष खुर्चीत बसलेले असतील याचा अंदाज आधी बांधावा आणि तिथून उलट्या दिशेने हिशेब करत यावे.

आधी शब्द पक्के करून घेऊ, कारण अर्धे वाद शब्दांच्या घोळातून होतात. दोन संघांमध्ये होते ती ‘लढत’. त्या लढतीत दोन्ही संघांचे एकेक खेळाडू समोरासमोर बसतात, तो ‘सामना’. एका लढतीत संघाला जितके सामने खेळावे लागतात तितके त्याचे ‘स्लॉट’. म्हणजे पाच स्लॉटच्या एका लढतीत पाच सामने होतात आणि ज्याने तीन जिंकले त्याने लढत जिंकली. व्हॅलोरंटसारख्या खेळात पाच जणांचा संघ एकत्र उतरतो आणि संघाचा आकार खेळच ठरवून देतो. आपल्याकडे तो आपण ठरवायचा असतो, म्हणूनच एवढी चर्चा होते.

पहिली पायरी: रविवार मोजा

कोणीही ‘बारा संघ घेऊया’ असे म्हणाले, की सर्वप्रथम कॅलेंडर उघडा. पावसाळ्यात प्रवासाचा भरवसा नसतो, गणपतीत निम्मे ठाणेकर कोकणात गेलेले असतात, फेब्रुवारीत बारावीची आणि त्यापाठोपाठ दहावीची परीक्षा लागते. नाताळ आणि नववर्षाचे रविवार वगळले, महाविद्यालयांच्या सत्र परीक्षांचा एखादा वगळला, की दिवाळीनंतर जानेवारीअखेरपर्यंत खात्रीचे सात-आठ रविवार उरतात. त्यातही मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीच्या कामासाठी लोकल बंद, असतो. हार्बर मार्गावर वाशी ते पनवेल असा ब्लॉक लागला, की तो बहुधा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी साडेतीन-चारला संपतो, आणि पनवेलचा खेळाडू ठाण्यात पोहोचेपर्यंत पहिली फेरी उलटून गेलेली असते. त्यामुळे आठही रविवार आखणीत भरू नका. निदान एक राखून ठेवा.

आता वेळेचा हिशेब. टेकनमध्ये तीन राउंड जिंकले की एक गेम आणि दोन गेम जिंकले की सामना, असे धरले तर खेळ साधारण दहा मिनिटांत संपतो. पण खुर्ची बदलणे, कंट्रोलर जोडणे, बटणांची मांडणी तपासणे आणि निकाल लिहिणे धरून आमच्या वहीत सरासरी पंधरा मिनिटे निघतात. ईए एफसीमध्ये सहा-सहा मिनिटांचे दोन अर्ध ठेवले तरी जवळपास तेवढाच वेळ जातो. चार कन्सोल, चार मॉनिटर आणि दुपारचे पाच तास हाती असतील, तर कागदावर ८० सामने बसतात, पण चहा, उशीर आणि एखादी तांत्रिक अडचण जमेस धरून ६० च धरावेत.

आठ संघांची पूर्ण साखळी म्हणजे २८ लढती, आणि पाच स्लॉटप्रमाणे १४० सामने. हे तीन रविवारी आरामात बसते आणि चौथ्या रविवारी बाद फेरी घेता येते. दहा संघ केले की ४५ लढती आणि २२५ सामने होतात, म्हणजे बाद फेरीसह पाच रविवार. बारा संघ केले की ६६ लढती, ३३० सामने आणि सात रविवार. बारा संघांना सात-सात स्लॉट दिले तर सामन्यांची संख्या ४६२ वर जाते आणि त्याला बाद फेरी धरून नऊ रविवार लागतात, जे आपल्यापाशी मुळात नाहीतच. सूत्र सोपे आहे: संघांच्या संख्येला तिच्याहून एकाने कमी संख्येने गुणा, दोनाने भागा आणि स्लॉटने पुन्हा गुणा. चर्चेत बोलण्याआधी एवढे करून आलात, तर तुम्ही नवखे आहात याकडे कोणाचेही लक्ष जाणार नाही.

आठ संघ आणि चार कन्सोल यांचे गणित मला फार आवडते, त्याचे कारण सांगतो. प्रत्येक फेरीत चार लढती, प्रत्येक लढतीला स्वतःचा एक कन्सोल, आणि पाच सामने गुणिले पंधरा मिनिटे म्हणजे सव्वा तासात सगळ्यांची फेरी एकाच वेळी पूर्ण. कोणी ताटकळत बसत नाही. सात फेऱ्या तीन, दोन, दोन अशा वाटल्या की पहिल्या रविवारी, उत्साह असतो तेव्हा, जास्त खेळ होतो आणि पुढे अडीच तासांत सगळे मोकळे होतात. यजमानांकडे पाचवा कन्सोल नसताना दहा संघ घेतले, की दर फेरीत दोन संघ बाहेर उभे राहतात, आणि उभे राहिलेले संघ पुढच्या रविवारी उशिरा येऊ लागतात.

दुसरी पायरी: नोंदणीतून संघ काढा

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे ८६ जणांनी नाव दिले आणि आम्ही आनंदाच्या भरात सात-सात जणांचे बारा संघ केले. चौथ्या रविवारी नेरूळच्या एका कॅफेत काय झाले ते मला अजून स्पष्ट आठवते. लांबट वहीच्या पानावर पाच ओळी आखलेल्या होत्या, तीन सामन्यांचे निकाल शाईने लिहिलेले होते आणि चौथ्या ओळीतले नाव पेन्सिलीने दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेले होते. त्या तिसऱ्या नावाचाही फोन लागत नव्हता. समोरच्या संघाचा पनवेलहून आलेला मुलगा आपली आर्केड स्टिक मांडीवर घेऊन चाळीस मिनिटे बसून होता. अधूनमधून तो काठी हलवून बटणे दाबून बघायचा, मग त्याने काही न बोलता केबल गुंडाळली, स्टिक पिशवीत ठेवली आणि वहीत त्याच्या नावापुढे ‘पुढे चाल’ असे लिहिले गेले. त्या हंगामात तो पुन्हा आला नाही. शेवटच्या रविवारी ८४ पैकी ५१ जण हजर होते.

मोठी स्पर्धा ही अशी आतून पोखरली जाते. न येणाऱ्याचा सामना तर जातोच, पण येणाऱ्याचाही जातो, आणि दर वेळी पुढे चाल मिळालेला खेळाडू स्वतःहून कमी होतो. म्हणून नोंदणी दोनदा घ्या. पहिल्यांदा नुसते नाव घ्या. आठवड्याने तारखांसकट वेळापत्रकाचा मसुदा पाठवा आणि ‘या सात रविवारांपैकी किमान सहा मी येईन’ असे प्रत्येकाकडून लेखी कळवून घ्या. दुसऱ्या नोंदणीत नावे गळतात. ती गळू द्यावीत.

उरलेल्या नावांना स्लॉट अधिक राखीव खेळाडू या बेरजेने भागा. समजा ६१ जण पक्के झाले आणि पाच स्लॉट अधिक दोन राखीव असे सात जण प्रत्येक संघात हवेत, तर आठ संघ होतात आणि पाच जण उरतात. हे पाच जण सामायिक राखीव यादीत ठेवावेत. ‘उरलेल्या पाचांचा नववा संघ करा, दोघे कुठून तरी मिळतील’ ही सूचना प्रत्येक चर्चेत येते आणि तिला ठाम नकार द्यावा लागतो: नऊ संघ झाले की दर फेरीत एका संघाला विनालढत बसावे लागते, सातऐवजी नऊ फेऱ्या लागतात आणि ते ‘कुठून तरी मिळणारे’ दोघे सहसा मिळत नाहीत.

संघ लिलावाने बनवायचे, कर्णधारांनी आळीपाळीने खेळाडू निवडायचे की मित्रांनी आपापले संघ आणायचे, हा वेगळा विषय आहे. आकारापुरते एवढेच लक्षात ठेवा, की लिलावाला नक्की पटसंख्या आधी लागते, आणि मित्रांच्या संघांत दुबळा संघ इतका दुबळा निघू शकतो की आठ संघही जास्त वाटतील. आळीपाळीने निवडताना पहिल्या फेरीत ज्याची पाळी शेवटी असेल त्याला दुसऱ्या फेरीत पहिली निवड द्यावी, म्हणजे ताकद बरीच सारखी वाटली जाते.

तिसरी पायरी: स्लॉट ठरवा

या टप्प्यावर जुन्या खेळाडूंचे दोन तट पडतात. एकाचे म्हणणे, स्लॉट जितके जास्त तितका खरा बलवान संघ जिंकतो. दुसऱ्याचे म्हणणे, स्लॉट वाढवले की शेवटचे दोन खेळाडू नुसते जागा भरायला येतात. दोघांचेही बरोबर आहे, म्हणून आकडे मांडून बघावे लागते.

समजा एका संघाचा प्रत्येक खेळाडू समोरच्यापेक्षा थोडा सरस आहे आणि एक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ६० टक्के आहे. तीन स्लॉट असतील तर त्या संघाने लढत जिंकण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के होते, पाच स्लॉटला ६८, सातला ७१, नऊला ७३. पाचावरून सातावर गेल्याने सरस संघाचा फायदा तीन टक्क्यांनीही वाढत नाही, पण सामने आणि लागणारी माणसे मात्र ४० टक्क्यांनी वाढतात. ‘न्याय्य निकालासाठी सात स्लॉट हवेत’ असे म्हणणाऱ्याला हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवा.

निकाल अधिक न्याय्य करायचा असेल तर माणसे न वाढवताही ते साधते. एक गेम जिंकण्याची शक्यता ६० टक्के असलेला खेळाडू बेस्ट ऑफ थ्री, म्हणजे तीनपैकी दोन गेम जिंकण्याचा सामना, खेळला तर सामना जिंकण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के होते, आणि अशा पाच स्लॉटची लढत सरस संघ ७६ टक्के वेळा जिंकतो. हा आकडा एकेका गेमच्या नऊ स्लॉटपेक्षाही जास्त आहे. वेळ लागतो हे खरे, पण जे खेळाडू आलेले आहेत त्यांनाच जास्त खेळायला मिळते. दोन तास प्रवास करून एक गेम हरून परत जाणाऱ्या मुलाचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला याहून वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

हजेरीचे गणितही करा. प्रत्येक खेळाडू दहापैकी नऊ वेळा येतो असे धरले, आणि हे उदार गृहीतक आहे, तर राखीव नसताना पाचही जण हजर असण्याची शक्यता ५९ टक्केच असते. एक राखीव असेल तर संघ पूर्ण भरण्याची शक्यता ८९ टक्क्यांच्या आसपास जाते, दोन राखीव असतील तर ९७. सात स्लॉटना मात्र दोन राखीव ठेवूनही ती ९५ च्या पुढे जात नाही. म्हणून पाच स्लॉट आणि दोन राखीव ही आमची बसलेली रचना आहे, आणि राखीव खेळाडूला हंगामात किमान दोन लढतींत उतरवलेच पाहिजे असा नियम आम्ही त्यासोबत ठेवतो, कारण नुसत्या बाकावर बसण्यासाठी घणसोलीहून कोणी दर रविवारी येणार नाही.

स्लॉट विषम ठेवावेत, म्हणजे लढत बरोबरीत सुटत नाही, हा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल आणि तो बहुतांशी योग्य आहे. तरी दोन गोष्टी ध्यानात घ्या. ईए एफसीचा सामना बरोबरीत सोडायची मुभा दिली, तर विषम स्लॉट असूनही लढत दोन-दोन अशी अडकू शकते. तिथे जादा वेळ आणि पेनल्टी सक्तीची करावी. दुसरे म्हणजे, बरोबरी ही काही आपत्ती नव्हे. बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये चार पटांवर लढत होते, पाचवा खेळाडू राखीव असतो, बरोबरी सर्रास होते आणि लढत जिंकल्यास दोन गुण, बरोबरीस एक गुण या हिशेबाने क्रमवारी लागते. २०२४ मध्ये बुडापेस्टला भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक मिळवले, ज्यात नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख होते, ते याच रचनेत. चारच कन्सोल आणि चारच भरवशाचे खेळाडू असतील, तर सम स्लॉट ठेवून साखळीत बरोबरी मान्य करा आणि फक्त बाद फेरीसाठी निर्णायक सामन्याचा नियम आधी लिहून ठेवा.

कोणत्या स्लॉटला कोणता खेळ हेही इथेच ठरवायचे. पाचपैकी दोन टेकन, दोन ईए एफसी आणि एक स्ट्रीट फायटर अशी वाटणी करण्यापूर्वी पक्क्या नोंदणीत त्या त्या खेळाचे किती जण आहेत ते मोजा. आठ संघांना दोन-दोन टेकन स्लॉट द्यायचे तर १६ खेळाडू आणि निदान सहा-सात राखीव लागतात. स्ट्रीट फायटरचे पक्के खेळाडू सहाच असतील तर आठ संघांत तो स्लॉट ठेवताच येत नाही, मग तो खेळ कोणाला कितीही प्रिय असो. मलाही तो प्रिय आहे.

चौथी पायरी: पद्धत निवडा

संघांची संख्या आणि स्लॉट ठरल्यावर पद्धतीचा प्रश्न बराच सुटलेला असतो.

एकाच दिवसाची स्पर्धा असेल तर बाद पद्धत सुटसुटीत: १६ संघांना १५ लढती, बास. पण त्यातले आठ संघ एका लढतीनंतर घरी जातात, आणि नवख्यांना सामावून घेणाऱ्या मंडळींसाठी हे चांगले नाही. दुहेरी बाद पद्धतीत प्रत्येक संघाला एका पराभवाची मुभा मिळते, दुसऱ्या पराभवाला तो बाद होतो. १६ संघांना ३० लढती लागतात, आणि पराभूतांच्या बाजूने आलेल्या संघाने अंतिम लढत जिंकली तर दोघांचाही एकेक पराभव झालेला असल्याने ३१ वी घ्यावी लागते. ती ३१ वी लढत वेळापत्रकात धरा. आम्ही एकदा धरली नव्हती, आणि ठाण्याची शेवटची गाडी चुकेल म्हणून अंतिम लढत एका आठवड्याने पूर्ण करावी लागली. संघांची संख्या आठ किंवा सोळा नसेल तर पहिल्या फेरीत काहींना पुढे चाल मिळते: १२ संघांना सोळाच्या तक्त्यात बसवले तर चौघांना. ती मानांकनानुसार वरच्या चार संघांना द्यावी. मानांकनाला आधार नसेल तर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून भाग्यपत्रिका काढावी.

स्विस पद्धत १८९५ साली झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत प्रथम वापरली गेली. कोणी बाद होत नाही आणि दर फेरीत सारखे गुण असलेले संघ एकमेकांशी खेळतात. १६ संघांना चार फेऱ्या, म्हणजे ३२ लढती, झाल्या की जास्तीत जास्त एकच संघ अपराजित राहतो. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या व्हिडिओ गेमच्या मोठ्या स्पर्धांत तिचे एक रूप दिसते: १६ संघ, तीन विजय मिळवणारा पुढे, तीन पराभव पत्करणारा बाहेर, आणि ३३ लढतींत आठ संघ निवडले जातात. पद्धत सुंदर आहे, पण एका अटीवर. आधीच्या फेरीचा प्रत्येक निकाल आल्याशिवाय पुढची फेरी जुळवताच येत नाही. सगळे एका छताखाली एकाच दिवशी असतील तर हे जमते. दर रविवारी थोडे थोडे खेळणाऱ्या लीगमध्ये एक लढत राहिली की सगळ्यांचा खोळंबा होतो.

म्हणून आठ संघांच्या हंगामासाठी मी साखळीच सुचवेन. वेळापत्रक कोणत्याही ॲपशिवाय बनते. आठ संघांना क्रमांक द्या, वरच्या ओळीत १, २, ३, ४ आणि खालच्या ओळीत त्यांच्याखाली अनुक्रमे ८, ७, ६, ५ लिहा. वरखाली येणाऱ्या जोड्या ही पहिली फेरी. मग १ ला जागेवर ठेवून बाकी सातांना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक घर सरकवा. वर १, ८, २, ३ आणि खाली ७, ६, ५, ४ येतात, म्हणजे दुसऱ्या फेरीत १ विरुद्ध ७, ८ विरुद्ध ६, २ विरुद्ध ५ आणि ३ विरुद्ध ४. अशा सात फेऱ्या मांडल्या की प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ पडते. मी हे अजूनही चौकोनी वहीत पेन्सिलीने करतो, कारण चूक झाली तर ती लगेच डोळ्यांना दिसते.

साखळीचे खरे दुखणे शेवटच्या फेऱ्यांत असते. ज्यांच्या आशा संपल्या ते संघ येईनासे होतात, आणि त्यांच्याशी ज्यांची लढत राहिलेली असते त्यांना फुकटचे गुण मिळतात. यावर दोन उपाय आहेत. आठपैकी पहिल्या चारांना उपांत्य फेरी द्या, म्हणजे पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या संघालाही शेवटपर्यंत आशा राहते. पहिल्या दोघांनाच पुढे नेले तर पाचव्या फेरीलाच निम्मे संघ मनाने घरी गेलेले असतात. आणि शेवटच्या फेरीच्या सगळ्या लढती एकाच वेळी सुरू करा. १९८२ च्या विश्वचषक फुटबॉलमध्ये पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांची गटातली शेवटची लढत झाली, तेव्हा अल्जीरियाचे सामने आधीच संपलेले होते आणि जर्मनीने एका गोलने जिंकले तर दोघेही पुढे जाणार हे दोघांनाही ठाऊक होते. जर्मनीने सुरुवातीला गोल केला आणि नंतर दोन्ही संघांनी चेंडू नुसता इकडे-तिकडे फिरवला. पुढच्या म्हणजे १९८६ च्या स्पर्धेपासून गटाच्या शेवटच्या लढती एकाच वेळी होऊ लागल्या. तेवढा मोह आपल्या मंडळींनाही होऊ शकतो, आणि तो होऊ न देणे हे वेळापत्रक आखणाऱ्याचे काम आहे.

पक्के खेळाडू खरोखरच ८४ असतील आणि बारा संघ घ्यायचेच असतील, तर पूर्ण साखळी सोडून सहा-सहाचे दोन गट करा. दोन्ही गटांत पंधरा-पंधरा लढती, मग दोन उपांत्य आणि एक अंतिम अशा ३३ लढतींत, म्हणजे पूर्ण साखळीच्या निम्म्या कामात, स्पर्धा पूर्ण होते. मानांकनाचे १, ४, ५, ८, ९, १२ एका गटात आणि २, ३, ६, ७, १०, ११ दुसऱ्यात टाकले की दोन्ही गटांची बेरीज सारखी येते.

आमच्या भागात बीजीएमआय हा मोबाइलवरचा, अनेक संघ एकाच वेळी उतरतात असा खेळ खेळणारी मंडळीही पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे चौघांचा संघ आणि स्पर्धेच्या लॉबीत, म्हणजे एका मॅचमध्ये एकत्र उतरणाऱ्यांत, साधारण १६ संघ हे ठरलेले असते, त्यामुळे त्यांची चर्चा किती मॅच आणि गुण कसे यावर चालते. संघ २४ असतील तर आठ-आठचे तीन गट करून दर वेळी दोन गटांना एका लॉबीत आणावे, म्हणजे सगळ्यांना सारख्या मॅच मिळतात.

पाचवी पायरी: प्रस्ताव मांडा आणि निर्णय लिहून ठेवा

चर्चेला येताना ‘मला दहा संघ हवेत’ एवढेच घेऊन येऊ नका. एका कागदावर संघ, स्लॉट, राखीव, एकूण सामने, लागणारे रविवार आणि लागणारे कन्सोल लिहून आणा. दुसऱ्याचा प्रस्तावही त्याच सहा रकान्यांत मांडायला सांगा. प्रश्न एका वेळी एकच घ्यावा आणि क्रम या लेखातल्या पायऱ्यांचाच ठेवावा, कारण पद्धतीवर आधी मतदान झाले की संघांची संख्या तिच्यात कोंबावी लागते. पहिल्यांदाच बोलणाऱ्याला जुन्या खेळाडूंनी पूर्ण बोलू द्यावे, विशेषतः तो पनवेल किंवा कल्याणहून येणारा असेल तर. प्रवासाचा भार त्याच्यावरच सर्वाधिक असतो आणि त्याला जे जमत नाही ते स्पर्धेलाही झेपत नाही. मतदान फक्त कर्णधारांचे न घेता पक्की नोंदणी केलेल्या सगळ्यांचे घ्यावे. निर्णयाची तारीख आधी जाहीर करावी, आणि संघ बनल्यानंतर आकार, स्लॉट आणि पद्धत यांत कोणत्याही कारणाने बदल करू नये.

समान गुणांचा नियम त्याच दिवशी लिहा. आम्ही आधी त्या संघांच्या आपसातल्या लढतीचा निकाल बघतो, मग जिंकलेल्या आणि हरलेल्या सामन्यांचा फरक, आणि तरीही समान असतील तर एक निर्णायक सामना घेतो. पुढे चालीचा सामना या फरकात धरू नका. धरला तर ज्याचा प्रतिस्पर्धी आला नाही त्याला पाच-शून्यचा फायदा मिळतो, आणि ज्याने घाम गाळून तीन-दोनने लढत जिंकली तो मागे पडतो. पंधरा मिनिटे वाट पाहून पहिला सामना सोडावा आणि तीस मिनिटांनी सगळी लढत, असा काळ नक्की करा. मेगाब्लॉक आधी जाहीर झालेला असेल तर ते कारण मान्य होणार नाही हेही लिहा, कारण ते सर्वांना सारखेच माहीत असते.

शेवटचा मुद्दा मधेच माघार घेणाऱ्या संघाचा, जो पहिल्या हंगामात कोणाच्याही ध्यानात येत नाही. इथे बुद्धिबळातला जुना नियम जसाच्या तसा घ्यावा: संघाने आपल्या निम्म्यापेक्षा कमी लढती खेळल्या असतील तर त्याचे सगळे निकाल गुणतक्त्यातून वगळायचे, आणि निम्म्या किंवा जास्त खेळल्या असतील तर झालेले निकाल कायम ठेवून उरलेल्या लढतींत समोरच्यांना पुढे चाल द्यायची. आठ संघांच्या साखळीत ही रेषा चौथ्या लढतीवर येते. तिसऱ्या रविवारी एखादा संघ मोडकळीस येताना दिसला, तर त्याच्या कर्णधाराशी त्याच संध्याकाळी बोला आणि सामायिक राखीव यादीतल्या पाच जणांना फोन लावा. दोघे जरी मिळाले तरी तो संघ बहुधा हंगाम पूर्ण करतो.